आमच्या विभागाचा पाय

पवित्र गुरुवारच्या संध्याकाळी, भरल्या चर्चमध्ये, मी फादरांच्या पुढे चुकीचा पाय केला. उजवा करायचा होता, डावा केला. पाय पुढे करण्यात काय चुकायचंय, असं कुणालाही वाटेल. मलाही त्या संध्याकाळपर्यंत तसंच वाटत होतं.

ज्यांना आमच्याकडची पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री प्रभू येशूने आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले. गुरूने चेल्यांपुढे वाकायचं, मोठ्याने लहानाची सेवा करायची, हा त्यातला धडा. त्याची आठवण म्हणून गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी, मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, चालू असताना फादर कमरेला टॉवेल गुंडाळतात आणि चर्चमधल्या बारा पुरुषांचे पाय धुतात, पुसतात आणि पायाचा मुका घेतात. दोन्ही पाय नाही, एकच. आमच्याकडे उजवा. वेळ वाचतो आणि पाणीही वाचतं. ऐंशीच्या दशकातल्या डोंबिवलीत पाणी वाचवणं हे वेगळं पुण्यकर्म होतं.

धडा नम्रतेचा, पण त्या बारा खुर्च्यांपैकी एक मिळावी म्हणून आमच्यात जी चुरस चालायची ती नगरपालिकेच्या तिकिटाला लाजवील अशी होती. एका वर्षी दोघेजण एकाच खुर्चीवर अर्धे अर्धे बसले आणि दोघांनीही पाय पुढे केले. शेवटी फादरांनी चर्चचे बारा विभाग पाडले आणि फर्मान काढलं की प्रत्येक विभागाच्या प्रमुखाने एकच नाव आणून द्यायचं. भांडायचं ते विभागात भांडा, वेदीसमोर नको.

डोंबिवलीच्या पूर्वेकडून ठाकुर्लीच्या रेल्वे क्वार्टर्सपर्यंतच्या विभागाचा प्रमुख मी होतो.

मी तेव्हा चाळिशीला टेकलेला, ठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळणारा, आणि स्वतःच्या मते चांगलाच भाविक माणूस होतो. रविवारची मिस्सा कधी चुकवली नाही. वेदीशेजारी उभं राहून बायबलचं वाचन करायची पाळी आली की आठवडाभर आवाजाला जपायचो, माठातलं पाणीसुद्धा प्यायचो नाही. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आमचा उपवासकाळ. त्यात प्रत्येकाने काहीतरी सोडायचं असतं. मी दरवर्षी सोडायचो आणि चारचौघांत सांगायचोही. एका वर्षी मटण सोडलं, आणि मासळीवर असा तुटून पडलो की बायको म्हणाली, बोकड वाचले पण बोंबलांवर संक्रांत आली. एका वर्षी पत्ते सोडले. पत्ते मी एरवी फक्त गणपतीत, शेजाऱ्यांकडे जागरणाला जाऊन खेळायचो, आणि गणपती काही मार्चमध्ये येत नाहीत. त्या वर्षी साखर सोडलेली. चहात गूळ घालून घेत होतो आणि प्रत्येक घोटाला तोंड असं करत होतो की समोरच्याने कारण विचारावं.

बायको काय सोडायची ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. ती ठाण्याची. तिच्या माहेरी रोज संध्याकाळी दिवेलागणीला सगळं घर गुडघे टेकून जपमाळ करायचं, त्यामुळे तिला देवाबद्दल फारसं बोलायची सवय नव्हती.

आमचं चर्च म्हणजे शाळेच्या आवारातला पत्र्याचा लांबलचक हॉल. तिथे कोण नव्हतं? वसईकडचे आम्ही, ठाण्याकडचे, स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवणारे तिथले मूळ ख्रिस्ती, गोवेकर, मंगळुरी, केरळी, आणि रेल्वेत लागून आलेले नगर-जालन्याकडचे. आमच्यात जातपात नाही हे मी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून बसलं की छाती पुढे काढून सांगायचो. आणि नव्हतीच मुळी. फक्त मुलीचं लग्न जमवताना "ते मूळचे कुठले?" एवढं विचारून घ्यायचो. आणि बाकांवर कुणाची नावं लिहिलेली नव्हती, तरी नगरकडची मंडळी कायम शेवटच्या तीन बाकांवर, दाराजवळ बसायची. आम्ही म्हणायचो, त्यांना तिथे वारा लागतो.

त्यांच्यापैकीच एक बाबा माझ्या विभागात होते. सत्तरीचे, काटकुळे, पांढरं धोतर नि सदरा. आयुष्यभर रेल्वेत गँगमन होते, म्हणजे रूळ उचलणं, खडी भरणं, उन्हातान्हात लाइन ठोकत चालणं. एकदा रूळ उतरवताना तो उजव्या पायावर पडला आणि दोन बोटं गेली. पुढे त्यांचा मुलगाही रेल्वेत लागला आणि बाबा त्याच्याबरोबर ठाकुर्लीच्या क्वार्टरमध्ये राहायचे. मला ते भाऊसाहेब म्हणत. का ते ठाऊक नाही, बहुधा माझ्या हातात नेहमी वही असायची म्हणून.

झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारच्या, आधीच्या आठवड्यात विभागाची प्रार्थना त्यांच्या क्वार्टरमध्ये होती. प्रार्थना झाली, चहा झाला, आणि बाबा मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. थोडं लंगडत, पण माझ्यापेक्षा भराभर. तिथे म्हणाले, "भाऊसाहेब, यंदा पाय धुवायला माझं नाव घाला की."

मी म्हटलं, बघतो बाबा.

मग त्यांनी आपण होऊन सांगितलं. मुलाची मनमाडला बदली झालेली. ईस्टर झाला की मंगळवारी क्वार्टर सोडायचं. मुलगा मनमाडला जाणार आणि बाबा गावी, नगर जिल्ह्यात, भावाकडे. परत इकडे येणं काही व्हायचं नाही. त्यांच्या लहानपणी गावात आमच्यासारखा चर्चचा थाट नव्हता, फादर सायकलवरून वर्षातून दोनदा यायचे. पाय धुतात हे त्यांनी पहिल्यांदा बघितलं ते डोंबिवलीत, म्हातारपणी, शेवटच्या बाकावरून मान उंच करून.

"गावात आमी गेलो की आमच्या पावलांमागं पाणी शिंपडायचे लोक," ते म्हणाले. "आता एकदा पावलावरच पडू द्या. सगळ्यांच्या देखत." आणि हसले. दुसऱ्या कुणाची तरी गंमत सांगावी तसे.

मी त्या रात्री खरोखर त्यांचं नाव एका कागदावर लिहिलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. बायकोलाही सांगितलं. ती म्हणाली, बरं केलंत. ती मला बरं केलंत असं वर्षातून दोनेक वेळाच म्हणते, म्हणून लक्षात राहिलं.

पवित्र आठवड्याच्या सोमवारी चर्चच्या कौन्सिलची सभा होती. कौन्सिलचे चिटणीस एका बँकेत अधिकारी होते आणि देवाच्या घरीही काउंटरमागे बसल्यासारखे बसायचे. त्यांनी यादी मागितली. मी कागद पुढे केला. त्यांनी नाव वाचलं, चष्मा काढला, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हे ते पायवाले ना?"

मी म्हटलं, हो.

"उजवाच ना तो?"

मी म्हटलं, हो, उजवाच.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. पुढच्या बाकांवर बायका-मुलं असतात. फादरांना पायाचा मुका घ्यायचा असतो, त्यांच्याही जिवावर येईल, पण ते बिचारे बोलायचे नाहीत. फोटो काढायला माणूस बोलावलेला आहे. आणि नगरकडच्या मंडळींना पुढे बसायची सवय नाही, उगीच त्यांनाच अवघडल्यासारखं होतं. "माझ्या मनात काही नाही हं," ते म्हणाले. "म्हातारा देवमाणूस आहे. पण तूच बस की. विभागप्रमुख आहेस, शोभतं."

मी म्हटलं, छे छे, मी कसा. ते म्हणाले, बस रे. आणि मी बसलो. माझा विरोध एवढाच टिकला. बाबांचं नाव खोडून त्याच कागदावर, त्याच पेनने मी माझं नाव लिहिलं. हस्ताक्षर मात्र फार सुरेख आलं. मनाशी म्हटलं, बाबांना पुढच्या वर्षी नक्की बसवू. मंगळवारी ते कायमचे चाललेत हे मला पाठ होतं, तरी म्हटलं.

घरी आलो तेव्हा बायको वाल सोलत बसलेली. मी जरा आडवळणाने सांगितलं की कौन्सिलने यंदा मलाच बसायचा आग्रह केला.

"बाबांचं नाव देणार होतात ना?"

"कौन्सिलने नको म्हटलं."

"आणि तुमचं नाव कौन्सिलने लिहिलं?"

"लिहिलं मीच. पण त्यांनी सांगितलं म्हणून."

ती वाल सोलत राहिली. दहा-बारा सोलून झाल्यावर विचारलं, "बाबांना कळवलंत?"

मी म्हटलं, कळेलच त्यांना. ती टोपलं उचलून आत गेली.

फादरांनी आपले पाय धुवावेत यात नम्रता फादरांची असते. तरीही आम्ही बाराच्या बारा जण घरून पाय धुवून जायचो, आणि असे धुवून जायचो की फादरांना काही काम उरू नये. मी बुधवारपासूनच उजव्या पायाच्या मागे लागलो. सकाळी वजरीने टाच घासली. संध्याकाळी गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून बसलो. नखं कापली, मग कानस लावली. खोबरेल चोळलं. चाळीस वर्षांत त्या पायाची एवढी सेवा कुणी केली नव्हती. बायको येता-जाता बघत होती. एकदा म्हणाली, "लग्नाच्या दिवशी आंघोळ तरी केलेलीत का, आता आठवावं लागेल."

त्याच बुधवारी आमच्या गॅलरीचं ग्रिलही मी रंगवायला काढलेलं. ईस्टरला घर स्वच्छ दिसावं म्हणून. हिरवा ऑइलपेंट. स्टुलावरून उतरताना डबा कलंडला आणि रंग डाव्या पायावर पडला, घोट्यापासून अंगठ्यापर्यंत. बायकोने रॉकेलचं फडकं दिलं. मी जरा पुसल्यासारखं केलं आणि सोडून दिलं. डावा तर बुटातच राहणार होता.

गुरुवारी अर्धा दिवस रजा टाकून, पांढरा शर्ट, काळी पँट, नवे मोजे घालून मी चर्चमध्ये गेलो. वेदीसमोर मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा खुर्च्या मांडलेल्या, एकमेकींकडे तोंड करून. आणि पहिल्याच बाकावर, वाटेच्या कडेला, बाबा बसलेले.

मी त्यांना पहिल्या बाकावर कधी बघितलं नव्हतं. धोतराला नीळ घातलेली, टोपी काढून मांडीवर ठेवलेली, पायात नव्या चपला. त्यांनी मला बघून मान हलवली. मी गडबडीत असल्यासारखा दुसरीकडे बघत गेलो. माझं "बघतो" त्यांनी "हो" म्हणून घेतलेलं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. खोटं कशाला बोलू, त्याआधीही आलेलं असावं. मी तिकडे लक्ष दिलं नव्हतं.

प्रवचन झालं. मोठ्याने लहान व्हावं यावर फादर छान बोलले. मग चिटणीस माइकपाशी गेले आणि एकेक विभाग पुकारून नाव वाचायला लागले. एकेक जण जाऊन खुर्चीवर बसू लागला. मग त्यांनी आमचा विभाग पुकारला, आणि नावाच्या आधी जरा थांबले. त्या थांबण्यात बाबा उठून उभे राहिले.

मग माझं नाव आलं.

बाबांनी धोतराचा सोगा झटकला, नीट केला, जणू त्यासाठीच उठले होते, आणि खाली बसले. मी त्यांच्या गुडघ्याला जवळजवळ घासून गेलो आणि बाराव्या खुर्चीवर बसलो.

यानंतर माझं कशाकडे लक्ष असणार? फादर पलीकडची रांग संपवून आमच्या रांगेत आले. दोन माणसं उरली की बूट-मोजा काढून ठेवायचा, अशी आम्हाला सूचना होती. मला कुठला ते आठवेना. म्हणून समोरच्या खुर्चीवरच्या गोवेकराकडे बघितलं. त्याचा धुतलेला पाय अजून उघडाच होता, तो ज्या बाजूला होता त्या बाजूचा बूट मी काढला. आरशात बघून भांग पाडणाऱ्याची होते तशी माझी गफलत झाली. तशी माझी सगळी भक्तीच समोरच्याचं बघून चालायची, पण एवढ्या उघडपणे ती कधी फसली नव्हती.

फादर माझ्यासमोर गुडघ्यावर बसले आणि मी डावा पाय पुढे केला. हिरवा.

आणि मग पहिल्या बाकावरून, अगदी हळू, पण त्या शांततेत सगळ्यांना ऐकू जाईल अशी कुजबुज आली. "उजवा, भाऊसाहेब. उजवा."

बाबा होते. पुढे वाकून, हाताने आपल्याच उजव्या पायाकडे दाखवत, मला सांगत होते. परीक्षेत शेजारच्याला उत्तर सांगतात तसं, मनापासून.

पुढचे दोन बाक हसले. मग हसू मागे मागे गेलं, दारापर्यंत. फादरांनी माझ्या पायाकडे बघितलं, त्यावर पाणी ओतलं, टॉवेलने पुसताना अंगठ्यावर जरा जोर देऊन बघितला, रंग हलला नाही. मुका घेताना खाली वाकले तेव्हा हळूच म्हणाले, "ग्रिल रंगवलंस वाटतं?" फोटो काढणाऱ्याने नेमका तेव्हाच फ्लॅश मारला.

मिस्सा संपल्यावर बाहेर आवारात बाबा स्वतः माझ्याकडे आले. बायको माझ्या शेजारी उभी होती. मी मनात दोन-तीन वाक्यं जुळवत होतो, पण त्यांनी वेळच दिला नाही. म्हणाले, झ्याक झालं भाऊसाहेब, पाणी तर पडलं. उजवा असतो ते त्यांनी मुद्दाम विचारून ठेवलेलं, आयत्या वेळी घोटाळा नको म्हणून. टोपी डोक्यावर ठेवली आणि ठाकुर्लीच्या दिशेने चालायला लागले. रागाचा एक शब्द बोलले असते तर मी कौन्सिलचं नाव सांगून मोकळा झालो असतो. ती सोयही त्यांनी ठेवली नाही.

बायकोने घरी आल्यावर रॉकेलची बाटली न मागता पुढे ठेवली.

गुड फ्रायडेला आमच्याकडे पेज असते. मी नुसती पेज घेतली, गूळही घेतला नाही, आणि दुपारी फादरांना गाठलं. सगळं सांगितलं. म्हणजे कौन्सिलचं जास्त सांगितलं, माझं कमी. फादर आमच्या वसईकडचेच, वयाने मोठे, मला अरेतुरे करायचे. ऐकून म्हणाले, "मला कुणाचाही पाय चालतो. वीस वर्षं धुतोय, माझ्यापुढे येतात ते सगळे साबणाचा वास मारणारे. मला काय धुवायचं असतं रे त्यात?"

मी विचारलं, आता काही करता येईल का. ते म्हणाले, हे वर्षातून एकदाच असतं, पुढच्या पवित्र गुरुवारी बसव त्यांना. मी म्हटलं, ते मंगळवारी कायमचे चाललेत. तेव्हा फादरांनी दाढी खाजवली. मग म्हणाले, "यादी मी कधी बघत नाही. तुमच्यावर सोडतो. चुकतं ते माझंही." आणि क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेची वेळ झाली म्हणून उठून गेले.

शनिवारी सकाळी मला एक कल्पना सुचली. इतकी सुंदर वाटली की मी दाढी अर्धी सोडून स्वयंपाकघरात गेलो. बाबांच्या घरी जायचं आणि त्यांचे पाय आपण स्वतः धुवायचे. फादर नाहीत तर नाही. प्रभूने सांगितलंच आहे, एकमेकांचे पाय धुवा म्हणून, त्यात फादरच पाहिजेत असं कुठे म्हटलंय? सांगता सांगता माझा मलाच गहिवर आला. बायको ऐकत होती. मी म्हटलं, पितळी तपेलं दे आणि एक चांगला टॉवेल काढ. तिने तिच्या ट्रंकेतला, घडी न मोडलेला टॉवेल काढला आणि स्वतः साडी बदलून आली. मी म्हटलं, तू कशाला उन्हाची. ती म्हणाली, "टॉवेल माझा आहे."

भर दुपारी आम्ही डोंबिवलीहून ठाकुर्लीला चालत गेलो. तपेलं माझ्या हातात. वाटेत दोघांनी विचारलं, पाणी नाही का आलं? मी गंभीर चेहरा करून पुढे गेलो.

क्वार्टरमध्ये सामान बांधायचं काम चाललेलं. गोणपाट, सुतळ्या, भिंतीवरून उतरवलेला क्रूस वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला. बाबा खाटेवर बसून भांड्यांच्या गोणीचं तोंड शिवत होते. सुनेने आम्हाला बसायला पाट दिले. मी बसलो नाही. मी भाषण केलं. माझं चुकलं, नाव मी बदललं, सगळं कबूल केलं, आणि शेवटी आपण कशासाठी आलोय ते सांगितलं. एवढ्यात शेजारच्या दोन बायका दारात येऊन उभ्या राहिलेल्या. मी तपेल्यात माठातलं पाणी घेतलं आणि खाटेसमोर गुडघे टेकले.

बाबांनी पाय खाटेखाली ओढून घेतले.

"न्हाई, भाऊसाहेब," ते म्हणाले. "घरात पाय मी रोज धुतो."

मी तसाच बसून राहिलो. बाबांनी दाभण गोणीत खोचून ठेवलं.

"तुमच्यावर राग न्हाई," ते म्हणाले. "पण हे ते न्हवं. ते तिथं होतं, समद्यांच्या म्होरं. तिथं न्हाई झालं, तर न्हाई झालं. असं इथं लपूनछपून करून त्याचं काय करू?"

आवाज चढलेला नव्हता. मला उठवायला त्यांनी हात पुढे केला. माझे गुडघे धरलेले, त्यांचा हात धरूनच मला उठावं लागलं. रूळ उचललेला हात. मी सत्तरीच्या माणसाचा आधार घेऊन उभा राहिलो आणि पाटावर जाऊन बसलो.

सुनेने चहा आणला. साखर घातलेला. मी गुपचूप प्यायलो. ती बिचारी आतून आलेली, तिने माझं भाषण अर्धंच ऐकलेलं. तिला तपेलं नि टॉवेल दिसला आणि तिला वाटलं की आम्ही निरोपाची भेट आणलीय. संकोचून म्हणाली, "कशाला एवढं मोठं आणलंत?" मी तोंड उघडलं, पण त्याआधीच बायको म्हणाली, "असू दे गं, मनमाडला लागेल." मग बाबांकडे वळून टॉवेल त्यांच्या हातात दिला. म्हणाली, "हा तुम्हाला, बाबा. गावी न्या." त्यांनी तो घेतला, कपाळाला लावला आणि गोणीत सगळ्यात वर ठेवला. गावाचा पत्ता तिने माझ्या पेनने माझ्याच वहीत लिहून घेतला.

परत येताना हात रिकामे होते. ठाकुर्लीचं फाटक बंद होतं, मालगाडी जात होती. थांबल्या थांबल्या मी म्हणायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी आपण बाबांना बोलावू. पत्र टाकू, तिकीट पाठवू, पाहिजे तर मी जाऊन घेऊन येईन. त्यांचं नाव पहिलं घालीन. चिटणीस काय म्हणायचं ते म्हणू दे. मी कौन्सिलमध्ये उभा राहून सांगेन.

मालगाडी लांबलचक होती. सगळी जाईपर्यंत बायकोने मला बोलू दिलं. फाटक वर गेलं तशी पदर डोक्यावर घेतला आणि चालायला लागली.

"पत्र मी लिहिते, म्हणजे ते जाईल," ती म्हणाली. "आणि यादीही मीच नेऊन देणार, फादरांच्या हातात. यादीत बायकांचं नाव चालत नाही, यादी बाईच्या हातात चालते की नाही ते उद्या त्यांना विचारते."